तिची पेटी, माझी खोली

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काम केलं ते उंदराचं बीळ बुजवायचं. संध्याकाळची वेळ होती. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात उंदरानं माती उकरून ठेवली होती आणि तिथल्या पिवळ्या वायरीला दात लावले होते. मी घमेल्यात सिमेंट कालवलं. हिनं फुटक्या बरणीच्या काचा आणल्या आणि उकिडवी बसून बिळात कोंबायला लागली. श्वास लागत होता तिला. मी म्हणलं, ऊठ, मी करतो. तर म्हणली, "तुमी नुसतं तोंड लिपाल. काच आतवर जायला पायजे." लोक म्हातारपणी जोडीनं देवाला जातात. आम्ही उंदीर मारत बसलो. आणि तोही धान्याचा उंदीर नव्हे, इंटरनेटचा.

ही म्हणजे माझी बायको. गेली. पोरगी म्हणाली, बाबा, रिकामे बसून भिंतीकडं बघता, त्यापेक्षा आईबद्दल लिहा. मी चौथीपर्यंत शिकलो आणि नंतर पिठाच्या गिरणीच्या पाटीवर दळणाचा भाव तेवढा लिहीत आलो. पण लिहितो. चांगलंच लिहीन असा काही शब्द दिलेला नाही.

ती मागची खोली माझी होती, हे पहिलं सांगतो. घरात तेवढी एकच दगडी खोली, जाड भिंतीची, वैशाखातसुद्धा गार. सकाळभर गिरणीचा पट्टा कानात घरघरायचा, अंगभर पीठ. दुपारी जेवलो की त्या खोलीत जाऊन आडवा व्हायचो. आयुष्यात एवढंच सुख मागितलं. आता त्या खोलीत एसी आहे. पण तो पेटीला. मी पडवीत पत्र्याखाली.

ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सतरंज्या झटकायची. नोकरी संपली, पण तिच्या डोक्यातली अंगणवाडी काही सुटली नाही. घरी कोणीही येवो, आधी म्हणायची, हात दाखव. नखं बघायची. विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या चांगल्या मिशीवाल्या माणसाला तिनं नेलकटर आणून दिलं होतं. त्यानंही मुकाट्यानं ओट्यावर बसून दहा बोटं साफ केली, मग मीटर बघितलं. मी शरमेनं गिरणीत जाऊन बसलो.

जेवायला बसलं की सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. घरात आम्ही दोघंच असलो तरी हाच कायदा. माझं ताट वाढून ही चुलीपुढं स्वतःची भाकरी भाजत बसणार आणि मी समोरच्या भाकरीची वाफ जाताना बघत बसणार. सगळा जन्म मी गार भाकरी खाल्ली आहे. काही म्हणलं तर म्हणायची, एकानं आधी खाल्लं की दुसऱ्याला वाटतं त्याला जास्त मिळालं.

आणि घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद. लाईट, पंखा, टीव्ही, सगळं. एकदा भाच्याच्या लग्नाला गेलो तर फ्रिज बंद करून गेली. परत आल्यावर दुधाचं काय झालं होतं ते मी इथं लिहीत नाही.

आता पेटीचं सांगतो.

आमच्या भागात वायरीचं इंटरनेट देणारे चौघं. नावं लिहीत नाही, अमक्याचं आधी का लिहिलं म्हणून भांडत येतील. एक पेठेतला, एक स्टँडावरचा, एक वस्तीवरचा आणि एक शेवगावचा. पेठेतला आणि स्टँडावरचा चुलतभाऊ, बांधावरून बोलणं बंद. वस्तीवरचा सगळ्यात नवा, त्याला बाकीचे धंद्यात धरतच नसत. शेवगावचा शिकलेला, इंग्रजीत शिंकणारा. शेवगावचा सोडला तर तिघंही लहानपणी हिच्या सतरंजीवर बसून खिचडी खाल्लेले. शेवगाववाल्याला तिनं मागाहून दाखल करून घेतलं.

आमची एकुलती पोरगी शेवगावला दिलेली. ही रोज तिला मोबाईलवर तोंड बघून फोन करायची. पण बोलता बोलता पोरीचं चित्र अडकायचं. तोंड उघडं ते उघडंच, जशी जांभई दिली आणि मिटायची राहिली. ही हाका मारत बसायची, पोरगी तिकडं हाका मारत बसायची. आमच्या घरात पेठेतल्याचं नेट. हिनं त्याला बोलावून घेतलं, हात बघितले आणि विचारलं, हे असं का?

तो म्हणाला, मावशी, तुमची पोरगी शेवगाववाल्याच्या वायरीवर आहे. माझी वायर त्याच्या वायरीला इथं कुठंच भिडत नाही. म्हणून तुमचं बोलणं आधी मुंबईला जातं. तिथं माझ्या मोठ्या कंपनीकडून त्याच्या मोठ्या कंपनीकडं, आणि मग तिथून उलटं शेवगावला येतं.

ही म्हणली, "म्हंजी शेजारनीला वाटीभर साखर द्यायची, तर ती मुंबईवरून?"

"तसंच म्हणा की."

"मग चौघं एका जागी वायरी आनून जोडा."

तो हसला. मोठ्या शहरांत असंच करतात म्हणाला. एक सामाईक जागा असते, तिथं सगळ्या कंपन्या आपापली वायर आणून एका पेटीत खोचतात आणि एकमेकांचं एकमेकांच्या हातात देतात. पण इथं जागा कुणाची? स्टँडावरच्याच्या दुकानात मी पाय ठेवत नाही, माझ्या दुकानात तो ठेवत नाही.

"माझ्या घरात ठेवतोस न्हवं पाय?" ही म्हणली.

मी तिथंच जेवत होतो. हातात घास. मला कोणी विचारलं नाही.

मी आपली अक्कल चालवून म्हणलं होतं, दोघादोघांनी आपसात वायर ओढा की, माझ्या खोलीला कशाला हात घालता? तर शेवगाववाला समजावून सांगायला लागला. तात्या, तसं केलं तर प्रत्येकाला बाकीच्या तिघांपर्यंत वायर न्यावी लागेल. उद्या पाचवा आला की पुन्हा सगळ्यांनी खांब चढायचे. पेटी असली की ज्यानं त्यानं एकच वायर आणायची, सगळ्यांना भेट. मी म्हणलं, मग ही पेटी म्हणजे इंटरनेट देणार का? तर नाही. ती काहीच देत नाही. जगाचं नेट ज्याचं त्यानं पहिल्यासारखंच मुंबईहून आणायचं. गावातलं गावात, तालुक्यातलं तालुक्यात, तेवढं हिथं एकमेकांना द्यायचं. म्हणजे काहीच न देणाऱ्या वस्तूला माझी खोली, एसी, इन्व्हर्टर आणि वर झेंडूचा हार.

ते वायरी घेऊन आले त्या दिवशी हिनं चौघांना पाय धुवायला लावून आत घेतलं. चहा झाला. चार कप ओतून झाल्याशिवाय कोणी उचलला नाही. आणि वायर आधी कुणाची खोचायची यावरून पेठेतला आणि स्टँडावरचा अडून बसले. दोघंही आपापली वायर हातात धरून दारात उभे. शेवटी हिनं चौघांना पेटीभोवती उभं केलं आणि अंगणवाडीत म्हणायची तसं "एक, दोन, तीन" म्हणली. चौघांनी एका वेळी खोचल्या. चांगले दाढीमिशा आलेले बाप्ये. मी बाहेर तोंड फिरवून उभा होतो.

पण त्या संध्याकाळी फोन लावला तर पोरीचं तोंड मिटलं. उघडलं, मिटलं, हसली. तिच्या मागं भिंतीवर पाल होती तीसुद्धा हलताना दिसली. हे मी कबूल करतो, बाकी काही करत नाही.

पेटीचा कारभार हिला कळला तो अंगणवाडीच्याच हिशेबानं. प्रत्येकानं पेटीला सांगायचं, माझ्या घरात अमुक अमुक माणसं आहेत. मग बाकीचे त्या माणसांचं आलेलं त्याच्या हातात देतात. बस. एकदा स्टँडावरच्यानं काही तरी बटणं दाबताना घोळ घातला आणि पेटीला सांगून बसला की सगळं जग माझ्याच घरात आहे. झालं. बाकीच्या तिघांनी सगळ्या जगाचं ओझं त्याच्या दारात नेऊन टाकलं. त्याची वायर ती केवढी. तिचा जीव गुदमरला आणि तालुक्यातले मोबाईल गरगर फिरायला लागले.

पेठेतल्याला आयतंच सापडलं. तो चुलतभावाची वायर उपटायलाच आला होता. हिनं त्याला दारात थांबवलं आणि स्टँडावरच्याला समोर बसवलं.

"तुझ्या घरात मान्सं किती रं?"

तो म्हणाला, "पाच, मावशी."

"मग जग कशापायी सांगितलंस? आपल्या घरातली तेवढी सांगायची. दुसऱ्याच्या घरात कोन हाय ते त्यो सांगंल."

मोठ्या पोटाचा माणूस, मान खाली घालून "व्हय मावशी" म्हणाला. शेवगाववाल्यानं मग पेटीलाच पढवून ठेवलं की कुणी जग सांगितलं तर ऐकायचं नाही. पेठेतला हात हलवत परत गेला. पण जाताना त्याला चहा पिऊनच जावं लागलं, आणि तोही भावासमोर बसून, दोघांचे कप भरून झाल्यावर.

एवढं सगळं कळायचं तिला, पण बाहेर जाताना पेटी बंद करायची काही सोडली नाही. बाजारला निघाली, बंद. देवळात निघाली, बंद. विहिरीवर निघाली तरी हात बटणाकडं. पेटी बंद झाली की चौघांच्या मोबाईलवर एकाच क्षणी ठणाणा होतो. नेट काही मरत नाही. सगळं पुन्हा मुंबईच्या फेऱ्यानं जायला लागतं, वाट तुंबते आणि गिऱ्हाईकं ह्यांच्या नावानं बोटं मोडतात. मग चौघांचे फोन मला. तात्या, मावशींनी बंद केलं बघा. तेवढं चालू करा. मी गिरणीत गिऱ्हाईकाचं दळण टाकून घरी जायचो, कुलूप उघडायचो, बटण दाबायचो. ती बंद करणार, मी चालू करणार. म्हातारपणी मला मिळालेला हा हुद्दा.

शिर्डीला गेलो तेव्हा एसटी नेवाशाच्या पुढं गेल्यावर माझा फोन वाजायला लागला. मी तिच्याकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मी विचारलं, केलंस का बंद? म्हणली, "रिकाम्या घरात कशाला चालू ठेवायचं?" रिकामं कसं, तालुका बोलतो त्यातून, मी ओरडलो. एसटीतले लोक वळून बघायला लागले. शेवटी वस्तीवरच्यानं आमच्या परसातून भिंतीवर चढून, खिडकीतून काठी घालून बटण दाबलं. तेव्हापासून एक किल्ली शेजारी ठेवली, तीही चौघांच्या संमतीनं.

आणि खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, मोटर, गिरणी, सगळं धुवून पुजतात आणि त्याला काम लावत नाहीत. मीसुद्धा गिरणी बंद ठेवतो. हिनं पेटीही बंद केली. ओल्या फडक्यानं पुसली, हळदकुंकू लावलं, हार घातला. चौघं गाड्या पळवत आले. शेवगाववाला दमून म्हणाला, मावशी, इंटरनेट चोवीस तास चालतं.

"म्हनून तर," ही म्हणली. "बैलाला पोळ्याला सुट्टी, कोयत्याला आज सुट्टी. हिनं काय घोडं मारलंय?"

लई घासाघीस झाली. शेवटी आरती होईपर्यंत बंद, कापूर विझला की चालू, यावर मिटलं. चौघांनी टाळ्या वाजवत आरती म्हणली. बटण मी दाबलं.

आता गेल्या काही महिन्यांतलं. नगरच्या डॉक्टरनं सांगितलं, हिचं हृदय थकलंय. सांभाळा. त्याच सुमारास पेठेतल्यानं नवीन दुकान बांधलं, काचेच्या दाराचं. येऊन म्हणाला, मावशी, तुमची दगदग नको, पेटी माझ्याकडं नेतो. मला तर ते ऐकून दुपारची झोप दिसायला लागली. पण स्टँडावरच्याला वास लागला आणि तो दुसऱ्या दिवशी येऊन सांगून गेला, पेटी पेठेत गेली की माझी वायर काढून घेईन. वस्तीवरचा म्हणाला, मला तिथं आत तरी घेतील का? शेवगाववाला म्हणाला, मग मी एकटा कुणाशी जोडू? हिनं चौघांना सांगितलं, पेटी हलणार नाही. मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. जाऊ दे की ब्याद, असं मी तिला तोंडावर म्हणलं होतं.

तर ते उंदराचं बीळ. सिमेंट थापून झालं. ही उंबऱ्यावर टेकली. मी तिच्या हातावर पाणी घातलं. काचेनं बोटाला जरासं लागलं होतं, ते चोखत म्हणली, "मला काय झालं तर चौघांना एकदम सांगा. एकाला आधी न्हाई."

मी म्हणलं, "काय भोंगा लावू का गावात?"

"ते तुमी बघा. ज्याला आधी कळंल त्यो म्हननार, मावशीनं मलाच जवळचं धरलं. पेटी उचलून न्हेनार. बाकीचे वायरी तोडून मोकळे. पोरीचं तोंड परत अडकंल."

मला रागच आला. म्हणलं, "तू मेल्यावर तुला काय करायचंय पोरीच्या तोंडाशी?"

"मला न्हाई," ती म्हणली. "तुमाला लागंल."

मग उठली, खोलीचं दार ओढलं आणि भाकरी टाकायला गेली. त्या रात्रीही माझी भाकरी गारच.

सकाळी चहाला उठली नाही. तिचा हात धरून बघितला. गार होता.

मग पोरीला फोन केला, साधा, तोंड न बघता. सांगितलं, निघ, आणि वाटेत कुणाला काही बोलू नको. ती रडत म्हणाली, बाबा, तिथल्या लोकांना सांगितलंत का? मी म्हणलं, सांगतो.

पण सांगायचं कसं? मोबाईलवर एका वेळी एकालाच लागतो. पेठेत जावं तर स्टँडावरचा राहतो. शेजारच्यांना सांगावं तर वाऱ्यासारखं आधी कुणाच्या तरी कानावर जाणार. जाता जाता काय घोर लावून गेली बघा. मी घरभर येरझाऱ्या घातल्या. तिला चार शिव्या घातल्या, मनातल्या मनात. आणि मग मागच्या खोलीत गेलो. बिळावरचं सिमेंट अजून ओलं होतं. पेटीवर चार हिरवे दिवे लुकलुकत होते. मी बटण बंद केलं.

घराचं दार पुढून लोटून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसलो. फोन वाजत राहिला, तो उचलला नाही.

पेठेतला आधी आला. गाडीवरूनच म्हणाला, मावशींनी सकाळी सकाळी बंद केलं का काय? मी म्हणलं, बस. स्टँडावरचा आला. भावाला बघून ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. वस्तीवरचा आला, चिखलाचे पाय बाहेरच धुतले आणि खाली पायरीवर बसला. पेठेतला म्हणाला, तात्या, निदान बटण तरी दाबू द्या, गिऱ्हाईकं खवळलीत. मी म्हणलं, शेवगावचा येऊ दे. स्टँडावरचा म्हणाला, चहा तरी? मी म्हणलं, शेवगावचा येऊ दे. ते वैतागले. दोघं चुलतभाऊ, किती वर्षांनी, एकमेकांकडं बघून खांदे उडवायला लागले, म्हाताऱ्याला काय झालंय म्हणून. मी तोंड घट्ट मिटून समोरच्या बाभळीकडं बघत राहिलो. इतकं अवघड काम मी गिरणीतसुद्धा कधी केलं नव्हतं.

शेवगाववाला आला. गाडी लावली, हेल्मेट काढलं. मी चौघांची तोंडं एकदा बघून घेतली.

"तुमची मावशी गेली," मी म्हणलं.

वस्तीवरच्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. स्टँडावरचा उठला आणि परत बसला. पेठेतला नुसता दाराकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "कुनाकुनाला सांगितलंत, तात्या?"

"तुमा चौघांना. आत्ता."

मग पुढचं सगळं त्यांनीच केलं. लाकडं, बांबू, भजनी मंडळी. पोरगी आली. बायकांनी हिला न्हाऊ घातलं. तिरडी उचलायच्या वेळी पेठेतला आणि स्टँडावरचा दोघंही पुढच्या बांबूंकडं गेले आणि तिथंच थबकले. मी म्हणलं, "धरा दोघं. मागं हे दोघं. वाटंत बदलत जा." पेठेतला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, पेटीचं नंतर बघू, तात्या. मी म्हणलं, "काय बघायचं? हाय तिथं हाय."

चौघांनी खांदा दिला. तिरडी उंबऱ्याबाहेर गेली. विस्तवाचं मडकं माझ्या हातात होतं, मी पुढं व्हायचं होतं. सगळे माझ्यासाठी थांबले.

मी मडकं पायरीवर ठेवलं आणि म्हणलं, थांबा जरा. मागच्या खोलीत गेलो. घराबाहेर पडताना बंद करणारी ती, चालू करायचं कायम माझ्याच गळ्यात. बटण दाबलं. दिवे आधी लाल झाले, मग एकेक करून चारही हिरवे झाले तोवर उभा राहिलो. मग खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेर आलो आणि मडकं उचललं.